जुन्या हार्ड डिस्क नव्या सीपीयूत नेताना

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे अपडेट थांबले आणि माझ्या दुकानातला सीपीयू बदलायची वेळ आली. यंत्र २०१६ चं, आत सहाव्या पिढीचा प्रोसेसर. विंडोज ११ ला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा लागतो, शिवाय टीपीएम २.० हा सुरक्षेचा भाग बोर्डावर लागतो. दिवाळीचा पाडवा झाला की तुळशीच्या लग्नापर्यंत मला जेमतेम दहा-अकरा दिवस मोकळे मिळतात, त्यानंतर लग्नपत्रिकांचं काम अंगावर येतं. तेवढ्यात नवीन सीपीयू घ्यायचा आणि जुन्या डिस्कवरचा वीस वर्षांचा डेटा त्यात आणायचा, असं ठरवलं. तो आला, दोन फाइली सोडल्या तर पूर्ण आला. कसा आला ते सविस्तर लिहिते.

मी सांगलीत गावभागात डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, मंडळांच्या स्मरणिका. माझ्याकडे तीन हार्ड डिस्क होत्या. पहिली २००५ ची, ८० जीबीची, रुंद पट्टीच्या केबलवाली. दुसरी २०११ ची ५०० जीबी आणि तिसरी २०१६ ची १ टीबी, या दोन्ही साटा, म्हणजे नंतर आलेल्या अरुंद केबलच्या. नव्या सीपीयूत विंडोजसाठी ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी (फिरत्या तबकडीशिवायची, थेट मदरबोर्डाच्या खाचेत बसणारी डिस्क) आहे आणि डेटासाठी २ टीबीची कोरी हार्ड डिस्क.

सुरुवातीलाच एक नियम सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्याभोवती फिरतं. जुनी डिस्क नव्या सीपीयूत जोडायची ती वाचण्यासाठी. तिच्यावर काहीही लिहायचं नाही, कॉम्प्युटरलाही लिहू द्यायचं नाही. तिच्यावरचा डेटा नव्या डिस्कवर उतरेपर्यंत ती डिस्क म्हणजे ग्राहकाने विश्वासाने ठेवायला दिलेली मूळ प्रत आहे असं समजायचं.

हा नियम मला २०१६ मध्ये मिळाला. १ टीबीची डिस्क तेव्हा नवीन घेतली होती. दुरुस्तीवाल्याने दोन्ही डिस्क जोडलेल्या असतानाच विंडोज मारायला घेतली आणि पार्टिशनच्या यादीत चुकीच्या ओळीवर डिलीट दाबलं. ५०० जीबीच्या डिस्कचा डेटाचा भाग गेला. तीन वर्षांचे अहवाल मी संस्थांकडून छापील प्रती मागून आणून पुन्हा टाइप केले. तेव्हापासून विंडोज टाकताना नवी एसएसडी सोडून बाकी एकही डिस्क जोडलेली नसते. तुम्हीही एवढं कटाक्षाने पाळा. नवीन सीपीयू आधी पूर्ण तयार करून घ्या, अपडेट होऊ द्या, दोन दिवस वापरा. जुन्या डिस्कची पाळी त्यानंतर.

जुना सीपीयू अजून सुरू आहे तोवर

जुनं यंत्र चालत असेल तर ते उघडण्याआधी त्याच्यासमोर अर्धा तास बसा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर डिस्कची तब्येत दाखवतं. त्यात तीन ओळी बघायच्या: ०५, सी५ आणि सी६. ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे बाजूला काढून बदललेले सेक्टर (डिस्कवरचे डेटा ठेवायचे बारीक कप्पे), सी५ म्हणजे वाचताना अडखळणारे आणि अजून निकाल न लागलेले, सी६ म्हणजे वाचताच न येणारे. तिथला आकडा मुळात सोळाच्या पटीतल्या पद्धतीने लिहिलेला असतो, त्यामुळे १० दिसलं तर ते १६ समजा, किंवा सेटिंगमध्ये जाऊन साधे दशमान आकडे करून घ्या. तिन्ही ठिकाणी शून्य असेल तर घाई नाही. सी५ मध्ये आकडा दिसला तर ती डिस्क सगळ्यात आधी उतरवायची. तिच्यावर दुसरे कसलेही प्रयोग करायचे नाहीत.

माझी १ टीबीची डिस्क २१,००० तासांहून जास्त चाललेली असूनही स्वच्छ निघाली. ५०० जीबीवर सी५ मध्ये १६ दिसले आणि वर पिवळी खूण. त्यामुळे माझा क्रम ठरला: आधी ५००, मग १ टीबी, शेवटी ८० जीबी.

सी७ मध्ये मोठा आकडा असेल आणि बाकी सगळं ठीक असेल तर बहुतेक वेळा दोष केबलचा असतो. नवी साटा केबल फार महाग नसते. जुनी केबल नव्या सीपीयूत नेऊच नका.

मग तीन गोष्टी तपासा. पहिली, डिस्कवर बिटलॉकरचं कुलूप आहे का. असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, कारण नव्या मदरबोर्डावर डिस्क उघडताना तीच लागेल. दुसरी, जी सॉफ्टवेअर एकाच यंत्रावर चालायची परवानगी देतात त्यांची नोंदणी जुन्या यंत्रावरून सोडवून घ्या. मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं डोंगल, म्हणजे परवान्याची यूएसबी किल्ली, असेल तर ते काढून पाकिटात घाला, त्यावर नाव लिहा. तिसरी गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. विंडोज ८ पासून नेहमीचं शटडाऊन पूर्ण शटडाऊन नसतं. पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावं म्हणून विंडोज स्वतःची अर्धी अवस्था डिस्कवर जपून ठेवते. अशी अर्धवट मिटलेली डिस्क दुसरीकडे जोडली की कुरबुरी होतात. म्हणून शेवटच्या वेळी शिफ्टचं बटण दाबून धरायचं आणि मग शटडाऊनवर क्लिक करायचं.

डिस्क बाहेर काढताना

वायर भिंतीच्या सॉकेटमधून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. पॉवरचं बटण एकदा दाबा म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. पुढे मिनिटभर थांबा, कारण डिस्कच्या तबकड्या फिरायच्या थांबायला वेळ लागतो आणि फिरत्या तबकडीला धक्का बसणं सगळ्यात वाईट. डिस्कला हात लावायच्या आधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या लोखंडी भागाला हात लावा. हिवाळ्यात आपल्याकडे हवा कोरडी असते, टेरिकॉटच्या साडीलासुद्धा ठिणगी येते. मी त्या दिवशी मुद्दाम सुती साडी नेसते.

मोबाइलवर आतल्या जोडणीचे दोन-तीन फोटो काढून ठेवा. मग आधी केबल, नंतर स्क्रू. साटाच्या डेटा केबलला बारीक पत्र्याची चाप असते, ती दाबून सरळ ओढायची. वेडीवाकडी हलवली तर डिस्कवरचं काळं प्लॅस्टिकचं टोक तुटतं. ते एकदा तुटलं की दुरुस्तीसाठी डाक मारण्यापर्यंत वेळ येते.

डिस्क बाहेर आली की लगेच नाव घाला. हे मी ऑगस्ट २०१९ मध्ये शिकले. कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ ची. गावभागात पाणी शिरायला लागलं तेव्हा कॅबिनेट उचलून न्यायला ना माणूस होता ना होडीत जागा. मी स्क्रू ड्रायव्हर घेतला, डिस्क काढल्या, कपाटातली जुनी ८० जीबीचीही घेतली, स्टीलच्या पुरणाच्या डब्यात टॉवेल घालून त्यात ठेवल्या आणि डबा घेऊन बाहेर पडले. डेटा वाचला. पण वरच्या स्टिकरवर नुसते कंपनीचे आकडे, त्यामुळे पाणी ओसरल्यावर कुठली डिस्क कशाची हे कळायला आणि त्यातल्या कामाचा मेळ लागायला तीन दिवस गेले.

आता मी प्रत्येक डिस्कवर कागदी चिठ्ठी लावते: कोणत्या सालाची, किती जीबी, विंडोज तिच्यावर होती की नुसता डेटा, आणि ती कुठल्या तारखेला काढली. चिठ्ठी लावताना एक बघा. डिस्कच्या वरच्या बाजूला एक बारीक भोक असतं आणि बऱ्याच वेळा शेजारी ते झाकू नका असं लिहिलेलं असतं. आतली आणि बाहेरची हवा समान राहावी म्हणून ते ठेवलेलं असतं. चिठ्ठी त्याच्यावर येता कामा नये.

नव्या कॅबिनेटमध्ये जागा आणि जोडणी

नवीन सीपीयू विकत घ्यायच्या आधीच दुकानदाराला तीन प्रश्न विचारा. साडेतीन इंची हार्ड डिस्क बसवायची जागा किती? मदरबोर्डावर साटाचे पोर्ट किती? आणि एसएमपीएसमधून, म्हणजे आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्यातून, साटा पॉवरच्या किती पिना येतात? आजकालची बरीच छोटी ब्रँडेड कॅबिनेट एकाच डिस्कच्या हिशोबाने केलेली असतात आणि त्यांचे एसएमपीएसही वेगळ्या घाटाचे असतात, बाजारातला दुसरा त्यात बसत नाही. मी म्हणून सुटे भाग जोडून घेतलेला सीपीयू घेतला. चार साटा पोर्ट, तीन डिस्कची जागा.

पॉवरची पिन कमी पडली तर दुकानात जुन्या चार पिनांच्या मोलेक्सवरून साटा करणारी छोटी जोडवायर मिळते. ती घेताना बारकाईने बघा. ज्यांत वायरी आणि प्लॅस्टिकचं टोक एकत्र ओतून बनवलेलं असतं, त्या आत एकमेकींना चिकटून जळाल्याच्या घटना आहेत. ज्यांत प्रत्येक वायर वेगळी येऊन टोकात दाबून बसवलेली दिसते तीच घ्या. माझं स्वतःचं मत विचाराल तर जास्त पिनांचा एसएमपीएस घ्यावा, या जोडवायरीच्या वाटेला जाऊच नये.

दुसरी एक मेख मदरबोर्डाच्या पुस्तिकेत दडलेली असते. काही बोर्डांवर एनव्हीएमईची एखादी विशिष्ट खाच भरली की साटाचा एखादा पोर्ट आपोआप बंद होतो, कारण दोघांची वाट एकच असते. डिस्क जोडलीय, फिरतेय, पण दिसत नाही, असं झालं तर डिस्कला दोष देण्याआधी दुसऱ्या पोर्टला लावून बघा.

बसवताना स्क्रूची गल्लत करू नका. साडेतीन इंची डिस्कला जाड आट्यांचे आखूड स्क्रू लागतात, अडीच इंची डिस्क आणि एसएसडीला बारीक आट्यांचे. चुकीचा स्क्रू दोन वेढे जातो आणि मग अडतो. तिथे जोर लावला की डिस्कच्या आटा मारलेल्या भोकाचं वाटोळं होतं. लांब स्क्रू तर मुळीच नको. हाताने जितका घट्ट बसेल त्याच्यापुढे पाव वेढा, बस्स. दोन डिस्कमध्ये एक जागा मोकळी सुटत असेल तर सोडा, समोरचा पंखा त्यांच्यावर वारा मारेल असं बघा. एप्रिलमध्ये सांगलीत पारा चाळिशीला टेकतो तेव्हा त्या एका मोकळ्या खणाचा उपयोग कळतो.

साटाच्या दोन्ही टोकांना इंग्रजी एल अक्षरासारखी खाच असते, उलटी जातच नाही. जात नसेल तर फिरवून बघा, दाबू नका.

पहिल्यांदा सुरू करताना

एका वेळी एकच जुनी डिस्क जोडा. तीन एकदम जोडल्या की कुठली कोणती याचा गोंधळ उडतो आणि एखादी आजारी असेल तर ती सगळ्यांनाच अडकवून ठेवते.

यंत्र सुरू होताना डिलीट किंवा एफ-टू दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये जा. तिथे डिस्कचं नाव दिसलं म्हणजे जोडणी बरोबर. मग बूटचा क्रम बघा: पहिल्या क्रमांकावर नव्या एसएसडीवरचा विंडोज बूट मॅनेजर असला पाहिजे. जुन्या डिस्कवर जुनी विंडोज अजून जिवंत असते. चुकून ती सुरू झाली तर नवा बोर्ड बघून ड्रायव्हर शोधायला लागेल आणि डिस्कवर लिहायला सुरुवात करेल. आपल्याला नेमकं तेच टाळायचं आहे.

विंडोज सुरू होताना काळ्या पडद्यावर डिस्क तपासायची आहे असं सांगून उलटी मोजणी सुरू झाली तर कुठलंही बटण दाबून ती थांबवा. ही तपासणी डिस्कवर दुरुस्त्या लिहिते. धडधाकट डिस्कला त्याचा त्रास नाही, पण माझ्या ५०० जीबीसारखी डिस्क त्यातच मान टाकू शकते. दुरुस्ती करायचीच असेल तर डेटा उतरवल्यावर करा.

आता दिस पीसी उघडा. नवीन ड्राइव्ह दिसली तर उत्तम. दिसली नाही तर घाबरू नका. स्टार्टवर उजवं क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. इथे तीनपैकी एक गोष्ट दिसेल.

डिस्क दिसतेय, पार्टिशन निळ्या पट्टीसह दिसतंय, पण अक्षर नाही: उजवं क्लिक करून ड्राइव्हला अक्षर द्या. मी शेवटची अक्षरं देते, एक्स, वाय, झेड, म्हणजे पेन ड्राइव्हच्या अक्षरांशी गोंधळ होत नाही. डिस्कच्या नावाखाली ऑफलाइन लिहिलंय: त्या नावावर उजवं क्लिक करून ऑनलाइन करा. क्लोन करून घेतलेली, म्हणजे हुबेहूब नक्कल केलेली, डिस्क आणि तिची मूळ डिस्क एकाच वेळी जोडल्या की हे हमखास होतं, कारण दोघींची आतली सही एकच असते.

आणि तिसरी शक्यता: विंडोज विचारते की डिस्क इनिशिअलाइझ करू का, किंवा ड्राइव्ह उघडताना आधी फॉरमॅट करा म्हणते. इथे कॅन्सल. काहीही झालं तरी कॅन्सल. या प्रश्नाचा अर्थ एवढाच की विंडोजला पार्टिशनची नोंद वाचता आली नाही. डेटा तिथेच असू शकतो. हो म्हटलं की कोरी वही करायला परवानगी दिली असं होतं. यंत्र बंद करा, केबल बदला, पोर्ट बदला, पुन्हा बघा. तरीही तेच येत असेल किंवा डिस्कमधून ठरावीक अंतराने टक-टक असा आवाज येत असेल तर वीज बंद करा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्या. पुन्हा पुन्हा सुरू करून बघण्यात उरलासुरला डेटाही जातो.

मापाबद्दल एक शंका मला ग्राहक नेहमी विचारतात. ५०० जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४६५ दिसते आणि १ टीबीची ९३१. काही हरवलेलं नसतं. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.

पट्टीच्या केबलवाली जुनी डिस्क

२००५ ची डिस्क नव्या बोर्डावर थेट बसत नाही, ४० पिनांची ती जागाच आता बोर्डावर नसते. तिच्यासाठी यूएसबीला जोडायचा अडॅप्टर मिळतो. सोबत १२ व्होल्टचा वेगळा पॉवर अडॅप्टर असेल असाच घ्या. साडेतीन इंची डिस्कची मोटर यूएसबीच्या ५ व्होल्टवर फिरत नाही.

डिस्कच्या मागे पिनांच्या जोड्यांवर एक इवलीशी टोपी बसवलेली असते, जंपर म्हणतात त्याला. वरच्या स्टिकरवर मास्टर, स्लेव्ह वगैरेची आकृती असते. माझी डिस्क आधी दिसतच नव्हती. जंपर मास्टरवर आणल्यावर लगेच दिसली. जोडताना चाळीसपैकी मधल्या एका पिनेची जागा रिकामी असते, तीच समोरच्या टोकातल्या बुजवलेल्या भोकापुढे आली पाहिजे. पीन वाकली तर चिमट्याने अगदी सावकाश सरळ करा. आधी पॉवर, डिस्क फिरल्याचा आवाज येऊ द्या, मग यूएसबी.

नऊ वर्षं कपाटात पडलेली ती डिस्क फिरायला लागली तेव्हा मी पाच मिनिटं नुसती तो आवाज ऐकत बसले होते. ८० जीबी उतरायला पाऊण तास लागला.

डेटा उतरवताना

नव्या २ टीबीच्या डिस्कवर प्रत्येक जुन्या डिस्कच्या नावाचं एक फोल्डर करा: जुनी-२००५, जुनी-२०११, जुनी-२०१६. आहे तसं त्यात ओता. लावालाव, गाळागाळ नंतर करा. उतरवता उतरवता साफसफाई करायला गेलात की काय घेतलं आणि काय राहिलं याचा हिशोब सुटतो.

डॉक्युमेंट्स किंवा डेस्कटॉपवर ओतू नका. विंडोज ११ मध्ये ही दोन्ही ठिकाणं बहुधा वनड्राइव्हला जोडलेली असतात. फुकट जागा ५ जीबी, ती भरते आणि मग इंटरनेट दिवसभर गुंतून पडतं.

आधी व्ह्यूमध्ये जाऊन लपवलेल्या गोष्टी दिसतील असं करा. ग्राहकांच्या पेन ड्राइव्हमधून येणारा शॉर्टकटचा व्हायरस आपल्या धंद्यातल्या प्रत्येकाने बघितलाय. खरी फोल्डर लपवतो आणि त्यांच्या जागी शॉर्टकट ठेवतो. ड्राइव्ह भरलेली दिसते पण आत काहीच नाही, असं असेल तर संरक्षित सिस्टीम फाइली लपवण्याची खूणही काढा, फोल्डर दिसू लागतील. जुन्या डिस्कवरची कुठलीही फाइल तिथल्या तिथे उघडू नका. कॉपी करा, कॉपी स्कॅन करा, मग उघडा.

डी ड्राइव्हवरचा डेटा सगळ्यांना आठवतो. सी ड्राइव्हवरचा विसरतो. जुन्या डिस्कच्या यूजर्स फोल्डरमध्ये तुमच्या जुन्या नावाचं फोल्डर असतं, त्यात डेस्कटॉप, डाउनलोड्स, पिक्चर्स. त्यातच लपलेल्या ॲपडेटा फोल्डरमध्ये काही ईमेल सॉफ्टवेअरचा पत्रव्यवहार असतो. हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा कित्येकदा थेट सी ड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरमध्ये असतो, त्याचा पत्ता जुन्या यंत्रावरच बघून लिहून घ्या.

यूजर्स उघडताना परवानगी नाही असा संदेश येतो. कंटिन्यू दाबलं की विंडोज त्या फोल्डरची परवानगी तुमच्या नावावर करते. म्हणजे डिस्कवर थोडं लिहिते. चांगल्या डिस्कवर मी हे करू देते. ५०० जीबीसाठी मात्र दुसरी वाट घेतली: पेन ड्राइव्हवर उबुंटू लिनक्स टाकून त्यावरून यंत्र सुरू केलं. तिथे विंडोजच्या परवानग्या आड येत नाहीत, आणि डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडता येते. महत्त्वाची फोल्डर आधी घेतली, चालू वर्षाचे अहवाल, मग पत्रिका, मग फोटो. दोन फाइली वाचता आल्या नाहीत. दोन्ही एका जुन्या कॅलेंडरच्या होत्या.

लाइट जाण्याचा काळ असेल तर यूपीएसशिवाय हे काम सुरू करू नका. साटावरून मोठ्या फाइली सेकंदाला १०० एमबीच्या आसपास उतरतात, म्हणजे ५०० जीबीला दीड तास धरा. पण हजारो छोट्या फाइली असतील तर तेवढ्याच मापाला चौपट वेळ लागतो.

उतरवून झालं की दोन्हीकडच्या फोल्डरवर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीज बघा. फाइलींची संख्या आणि साइज जुळली पाहिजे. साइज ऑन डिस्क वेगळी असू शकते, ती सोडा. नुसत्या संख्येवर माझं समाधान होत नाही. प्रत्येक वर्षाच्या फोल्डरमधल्या दहा फाइली मी उघडून बघते.

फॉन्ट

इथे मराठीत काम करणाऱ्यांनी थांबावं. श्री-लिपी, शिवाजी अशा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर म्हणजे फाइलीच्या पोटात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात. फॉन्ट असला तर मराठी दिसतं, नसला तर कचरा. नव्या यंत्रावर जुनी पत्रिका उघडून डेटा बिघडला म्हणून रडकुंडीला आलेले लोक माझ्याकडे येतात. डेटा बिघडलेला नसतो, फॉन्ट राहिलेला असतो.

तो जुन्या डिस्कवरच असतो, जुन्या विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये. म्हणून फॉन्ट काढून घेतल्याशिवाय जुनी सी ड्राइव्ह पुसू नका. तिथल्या टीटीएफ प्रकारच्या फाइली शोधून एका साध्या फोल्डरमध्ये कॉपी करा आणि तुम्ही विकत घेतलेले, तुमच्या कामाचे तेवढेच फॉन्ट निवडून उजव्या क्लिकने इन्स्टॉल करा. सगळे एकदम टाकू नका, विंडोजचे स्वतःचे फॉन्ट जुन्या आवृत्तीने बदलायची गरज नाही. ज्यांच्याकडे टाइप वन प्रकारचे जुने फॉन्ट आहेत त्यांनी लक्षात घ्यावं की अडोबीने जानेवारी २०२३ पासून त्यांचा आधार काढलाय. ती कामं जुन्या यंत्रावर उघडूनच पीडीएफ करून घ्यावी लागतात. मी त्यासाठी २०१६ चा सीपीयू इंटरनेट न लावता कोपऱ्यात ठेवलाय.

त्यानंतर डिस्कचं काय

१ टीबीची डिस्क चांगली होती, तरी मी ती नव्या सीपीयूत कायम ठेवली नाही. नऊ वर्षांची डिस्क रोजच्या कामाला लावणं मला पटत नाही. २ टीबीवर सगळं आल्यावर त्याची दुसरी प्रत बाहेरच्या यूएसबी डिस्कवर घेतली आणि ती नणंदेच्या घरी ठेवली, तिच्या वस्तीत पुराचं पाणी येत नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जेवायला जाते तेव्हा ती अपडेट करून येते.

जुन्या डिस्क भंगारात किंवा एक्स्चेंजमध्ये देऊ नका. माझ्या डिस्कवर ग्राहकांच्या आधार कार्डांचे स्कॅन आहेत, सभासदांच्या याद्या आहेत. नुसती क्विक फॉरमॅट केलेली डिस्कही परत वाचता येते. द्यायचीच झाली तर आधी सगळ्या डिस्कवर शून्यं लिहिणारं पूर्ण फॉरमॅट करावं, क्विकची खूण काढून. आणि ते सुद्धा एक अख्खी लग्नसराई नव्या यंत्रावर पार पडल्यावर, कारण काय राहिलं ते काम करतानाच आठवतं. मला तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आठवलं: रंगांच्या जुन्या सेटिंगची एक फाइल. डबा उघडला, चिठ्ठी वाचली, डिस्क जोडली, दहा मिनिटांत ती मिळाली.

तिन्ही डिस्क आता काळ्या अँटिस्टॅटिक पिशव्यांत, सोबत सिलिका जेलची पुडी, त्याच पुरणाच्या डब्यात आहेत. डबा माळ्यावर आहे. अक्षय्य तृतीयेपर्यंत तो तिथेच राहील.